पी-०४२० पुन्हा पुन्हा येतोय आणि गाडी अडखळतेय? कॅटकॉन बदलण्याआधी हे तपासा

चढावर पुढच्या ट्रकला ओलांडायचं म्हणून अ‍ॅक्सिलरेटर दाबला आणि गाडी थबकल्यासारखी झाली. अर्धा सेकंद असेल, पण समोरून कुणी येत असेल तर अर्धा सेकंद फार मोठा. मग गचका देऊन सुटली. चार दिवसांनी चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला. स्कॅनर लावला तर एकच कोड, पी-०४२०. गॅरेजवाल्यानं तो वाचला आणि उभ्या उभ्या निकाल दिला, "कॅटकॉन गेलाय, बदलावा लागेल."

गाडी चार वर्षांची, ५८ हजार किलोमीटर चाललेली. टर्बो नसलेलं, चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (म्हणजेच कॅटकॉन, इंजिनातून येणारा धूर स्वच्छ करणारा सायलेन्सरच्या पाइपातला भाग) इतक्यात जायला नको, एवढं मलाही कळत होतं. पण गेला नसेल तर मग झालंय काय, हे कळायला तीन महिने लागले. दरम्यान एकानं कोड उडवून दिला, तो नऊ दिवसांत परत आला. दुसऱ्यानं मागचा ऑक्सिजन सेन्सर बदलला, तरी दिवा परत आला. कॅटकॉन हा गाडीतल्या महागड्या भागांपैकी एक, त्यामुळे मी तो खर्च टाळत राहिलो. आज वाटतं, माझ्या कंजूषपणानंच मला वाचवलं.

कोड नेमकं काय म्हणतो

'कॅटकॉन खराब' असा पी-०४२० चा अर्थ नाही. 'पहिल्या बँकेवरच्या (म्हणजे सिलिंडरच्या पहिल्या रांगेवरच्या) कॅटकॉनची कार्यक्षमता ठरलेल्या मर्यादेखाली गेलेली मला दिसतेय', एवढंच ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, सांगतो. व्ही आकाराच्या इंजिनात दुसऱ्या बाजूसाठी हाच कोड पी-०४३० होतो. यात 'मला दिसतेय' हे शब्द महत्त्वाचे. धूर मोजायचं यंत्र ईसीयूकडे नसतं. त्याच्याकडे असतात फक्त दोन ऑक्सिजन सेन्सर, एक कॅटकॉनच्या आधी आणि एक नंतर. त्या दोघांवरून तो अंदाज बांधतो.

तो अंदाज कसा बांधतो हे समजलं की पुढचं सगळं सोपं जातं. कॅटकॉनच्या आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखा सिरॅमिकचा ठोकळा असतो. त्याच्या बारीक नळ्यांच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम यांचे कण असतात आणि त्यांच्या सोबतीला सेरियम ऑक्साइड. मिश्रणात हवा जास्त आली की सेरियम जादा ऑक्सिजन धरून ठेवतो, पेट्रोल जास्त झालं की तो सोडतो. त्यामुळे आत जाणारा वायू क्षणाक्षणाला बदलत असला तरी बाहेर पडणारा बराचसा स्थिर असतो. म्हणून धडधाकट कॅटकॉनमागचा सेन्सर ०.६ ते ०.८ व्होल्टच्या आसपास संथपणे रेंगाळतो. साठवणक्षमता संपली की हाच सेन्सर पुढच्यासारखा वरखाली नाचायला लागतो. ईसीयू हे नाचणं मोजतो आणि सलग दोन फेऱ्यांत ते मर्यादेबाहेर दिसलं की दिवा लावतो.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, मागचा सेन्सर म्हातारा झाला तर तो मंदावतो, कमी नाचतो. म्हणजे मंद सेन्सर कॅटकॉनला आहे त्यापेक्षा चांगलंच दाखवतो. पी-०४२० साठी सर्वांत आधी मागचा सेन्सर बदलणं हा उपाय का फसतो ते यावरून लक्षात येईल (माझ्याकडे तेच झालं, आणि काढलेला सेन्सर ठणठणीत निघाला). सेन्सर खरोखर बिघडला असेल तर बहुतेक वेळा त्याचा स्वतःचा कोड येतो, पी-०१३६ ते पी-०१४१ च्या पट्ट्यात. दुसरी गोष्ट, मागच्या सेन्सरच्या आधी सायलेन्सरच्या पाइपात कुठे फट असेल, गॅस्केट फुंकत असेल, तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि हिशेबच बिघडतो. थंड इंजिन चालू करून पहिल्या मिनिटात एक्झॉस्ट मॅनिफोल्डजवळ (सिलिंडरमधून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांजवळ) 'टिक-टिक-टिक' असा आवाज येतो का ऐका. इंजिन तापलं की धातू पसरतो, फट मिटते आणि आवाज गायब होतो. म्हणून गरम गाडी घेऊन गेलात तर मिस्त्रीला तो सापडत नाही.

आधी दिवा की आधी अडखळणं?

माझं म्हणणं एकच आहे. नव्या गाडीत दिवा आणि अडखळणं एकत्र आलं तर अडखळण्याच्या मागे लागा, दिव्याच्या नाही. कारण कॅटकॉन सहसा आपणहून मरत नाही, त्याला कोणीतरी मारतं. अडखळणारं इंजिनच बहुतेकदा त्याला मारत असतं.

एका सिलिंडरला ठिणगी नीट मिळाली नाही तर त्यातलं न जळलेलं पेट्रोल आणि न वापरलेला ऑक्सिजन, दोन्ही थेट कॅटकॉनमध्ये जातात आणि तिथे पेटतात. एरवी ४०० ते ८०० अंश सेल्सिअसमध्ये काम करणारा ठोकळा मग हजार अंशांच्या पुढे जाऊ शकतो. मौल्यवान धातूंचे सुटे कण एकमेकांना चिकटून गोळे होतात, काम करणारा पृष्ठभाग घटतो आणि ही हानी परत भरून येत नाही. चेक इंजिनचा दिवा नुसता न लागता लुकलुकत असेल तर त्याचा अर्थ हाच, की 'आत्ता, या क्षणी कॅटकॉन भाजतोय'. पाय काढा, वेग कमी करा, शक्य तितक्या लवकर थांबा. त्या अवस्थेत घाट चढत राहणं म्हणजे चांगला कॅटकॉन स्वतःच्या हातानं संपवणं.

दुसरा मारेकरी म्हणजे इंजिन ऑइल. ऑइलमधला फॉस्फरस आणि जस्त यांचा लेप हळूहळू ठोकळ्यावर बसतो. दर महिन्याला ऑइल भरावं लागत असेल तर तिथे बघा. कूलंट जळत असेल तर त्यातले सिलिकेटही तेच करतात. आणि इंजिन उघडून बंद करताना कोणी नको तो सिलिकोन सीलंट वापरला असेल तर सेन्सरलाही विष मिळतं. विषावरून आठवलं: युजीन हाउड्री या फ्रेंच वंशाच्या अभियंत्यानं गाड्यांसाठीचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर १९५० च्या दशकातच तयार केला होता, पण त्या वेळच्या पेट्रोलमध्ये शिसं असायचं. शिशानं धातूचा थर निकामी व्हायचा, त्यामुळे शिसंविरहित पेट्रोल येईपर्यंत त्याचा शोध बाजूलाच पडून राहिला.

उलटी गोष्टही होते. कॅटकॉन आतून वितळून किंवा तुटून चोंदला तर तोच गाडीला अडवतो. ते ओळखायचं कसं ते पुढे सांगतो, पण तो प्रकार वेगळा जाणवतो. तिथे गाडी अडखळत नाही, तिचा दम कोंडतो.

कोड उडवू नका, आधी लिहून घ्या

कोड आल्याच्या क्षणी ईसीयू एक 'फ्रीझ फ्रेम' जपून ठेवतो. त्यात त्या वेळचा आरपीएम, वेग, कूलंटचं तापमान, इंजिनवरचा भार आणि फ्युएल ट्रिम असतं. कोड उडवला की ही नोंदही जाते आणि सगळे मॉनिटर, म्हणजे ईसीयूच्या स्वतःच्या चाचण्या, शून्यावर येतात. माझ्याकडे पहिल्या गॅरेजनं नेमकं हेच केलं. दुसऱ्यांदा दिवा लागला तेव्हा मी अंगठ्याएवढा ब्लूटूथ स्कॅनर घेतला आणि आधी स्क्रीनचा फोटो काढला. ७४ च्या वेगात, २,१५० आरपीएमला, कूलंट ९१ अंश, लाँग टर्म फ्युएल ट्रिम अधिक १३.३ टक्के.

तो शेवटचा आकडा कोणीच पाहिला नव्हता.

फ्युएल ट्रिम म्हणजे ईसीयू हिशेबापेक्षा किती जास्त किंवा कमी पेट्रोल सोडतोय त्याचं प्रमाण. साधं पेट्रोल पूर्ण जळायला वजनानं १४.७ पट हवा लागते. पुढच्या सेन्सरला ऑक्सिजन उरलेला दिसला की ईसीयू पेट्रोल वाढवतो, तो अधिक आकडा. शॉर्ट टर्म क्षणोक्षणी हलतं, लाँग टर्म म्हणजे अंगवळणी पडलेली सवय. उणे पाच ते अधिक पाच टक्के म्हणजे निवांत, दहापर्यंत चालतं. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला हवा थोडी कमी लागते, दहा टक्के मिश्रणाला साधारण १४.१, म्हणून तीन-चार टक्के अधिक दिसलं तर घाबरू नका. पण १३ म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय.

आता हा आकडा कुठे वाढतो ते पाहायचं. इंजिन पूर्ण गरम करा, आधी आयडलला (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता) बघा, मग २,५०० आरपीएमवर मिनिटभर धरून बघा. आयडलला जास्त आणि रेस दिल्यावर कमी, म्हणजे इन्टेकमध्ये (इंजिनात हवा जायच्या वाटेत) कुठून तरी चोरटी हवा येतेय. आयडलला थ्रॉटल (त्या वाटेवरची झडप) बंद असतो, आत निर्वात जोरात ओढत असतो, त्यामुळे लहानशी फटही मोठी ठरते. रेस दिली की एकूण हवा इतकी वाढते की फटीतून येणारी किस झाड की पत्ती. उलट, आयडलला ठीक आणि भार वाढला की आकडा चढत जातो, तेव्हा पेट्रोलचा पुरवठा कमी पडतोय (पंप, फिल्टर, घाण झालेले इंजेक्टर) किंवा मास एअर फ्लो सेन्सर हवा कमी मोजतोय. त्या सेन्सरसाठी एक ढोबळ ताळा आहे. गरम इंजिन, एसी बंद, आयडलला दर सेकंदाला जितके ग्रॅम हवा दिसते ते साधारण इंजिनाच्या लिटरइतकं असतं. दीड लिटरच्या इंजिनाला ०.८ दिसलं तर आधी त्याच्या खास स्प्रेनं तार साफ करा. बोट किंवा कापूस लावू नका, तार केसासारखी असते.

एक सावधगिरी. बऱ्याच छोट्या गाड्यांत मास एअर फ्लो सेन्सर नसतो, इन्टेक मॅनिफोल्डचा दाब मोजणारा मॅप सेन्सर असतो. तिथे चोरटी हवाही दाबात मोजली जाते, त्यामुळे ट्रिम फारसा हलत नाही, आयडल मात्र चढतं. ट्रिम चांगला दिसला म्हणजे गळती नाही, असं तिथे धरू नका.

इंजिन की गिअरबॉक्स?

हे खरं तर आधीच सांगायला हवं होतं. अडखळताना आरपीएमचा काटा काय करतो ते बघा. काटा वर पळतो आणि गाडी मागे राहते, तर क्लच किंवा गिअरबॉक्स. काटाही तिथेच अडकतो आणि मग दोघं एकदम सुटतात, तर इंजिन. ऑटोमॅटिक आणि एएमटी गाड्यांत सावकाश जाताना पाय अचानक दाबला की गिअर उतरायला वेळ जातो, इको मोडमध्ये तर मुद्दाम आळस भरलेला असतो. तो दोष नाही, स्वभाव आहे. शंका असेल तर स्कॅनरवर पेडलची टक्केवारी आणि थ्रॉटलची टक्केवारी एका आलेखात लावा. पेडल चढलं आणि थ्रॉटल उघडलाच नाही, तर ईसीयू स्वतःच रोखतोय, आणि त्याची कारणं वेगळी.

टर्बो गाडीत इंटरकूलरच्या पाइपचा क्लॅम्प ढिला झाला तरी असंच अडखळतं, पण तिथे जोर लावल्यावर 'स्सस्स' ऐकू येतं. पेट्रोल भरून निघालात आणि नेमकं पहिल्या पाच मिनिटांतच गाडी अडखळते, सुरू व्हायलाही त्रास देते, तर पर्ज व्हॉल्व्ह (टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारी झडप) उघडा अडकलाय का बघा. थंड इंजिन आयडलला असताना व्हॉल्व्हची टाकीकडची नळी काढून व्हॉल्व्हच्या तोंडाशी बोट धरा. त्या वेळी ओढ लागायला नको.

माझ्याकडे काय निघालं

माझ्याकडे आयडलला १३.३ आणि २,५०० वर ४.७. म्हणजे चोरटी हवा. स्प्रे मारून गळती शोधायची जुनी पद्धत मला गरम इंजिनावर करवत नाही, आग लागू शकते. स्मोक टेस्ट करून घेतली. इन्टेकमध्ये धूर सोडला आणि आम्ही टॉर्च घेऊन वाकून बसलो. दोन मिनिटं काहीच नाही. मग इन्टेक मॅनिफोल्डच्या खालून, जिथे हातही जात नाही तिथून, उदबत्तीसारखी बारीक रेघ वर आली. पीसीव्हीच्या नळीचा, म्हणजे इंजिनातली ऑइलची वाफ इन्टेककडे नेणाऱ्या नळीचा, कोपरा. बाहेर काढली तर सरळ धरल्यावर धड दिसायची, वाकवली की नखाएवढी चीर उघडायची. ऑइलच्या वाफेनं रबर फुगून मेणासारखं मऊ झालं होतं.

नळी बदलली, ट्रिम सहावर आला. अडखळणं बरंच कमी झालं, पण चढावर तिसऱ्या गिअरमध्ये, कमी आरपीएमला पाय दाबला की अजूनही एक हिसका यायचा. इथे बहुतेक जण थांबतात, कारण एक दोष सापडला की दुसरा असेल असं वाटत नाही. ट्रिम मात्र सांगत होता की अजून काहीतरी आहे. मिसफायर झाला, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण पेटलंच नाही, की न वापरलेला ऑक्सिजन बाहेर पडतो, सेन्सरला तो 'हवा जास्त' असा दिसतो आणि ईसीयू उगाच पेट्रोल वाढवतो. म्हणजे ठिणगीचा दोषही ट्रिममध्ये गळतीचं सोंग घेऊन बसतो.

मिसफायरचा एकही कोड नव्हता. पी-०३०३ (तिसऱ्या सिलिंडरच्या मिसफायरचा कोड) यायला मोजणी ठरावीक मर्यादेच्या वर जावी लागते. पण त्याखालचे आकडेही नव्या गाडीत साठवलेले असतात, स्कॅनरच्या 'मोड ६' मध्ये. तिथे ए२ ते ए५ या ओळी म्हणजे एक ते चार सिलिंडरचे मिसफायर. त्याच चढावर जाऊन आलो. पहिला ०, दुसरा १, तिसरा ४१, चौथा ०.

मग या सगळ्यातली सर्वांत स्वस्त चाचणी. गाडी थंड होऊ दिली, तिसऱ्या सिलिंडरची इग्निशन कॉइल (ठिणगीसाठी वीज देणारी) पहिल्यावर टाकली, पहिल्याची तिसऱ्यावर. पुन्हा तोच चढ. आता पहिला ३७, तिसरा २. दोष कॉइलबरोबर घर बदलून गेला. तो तिसऱ्यावरच राहिला असता तर प्लग, मग इंजेक्टर, मग कॉम्प्रेशन असं बघत गेलो असतो. डायरेक्ट इंजेक्शनच्या (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये सोडणाऱ्या) गाडीत इन्टेक व्हॉल्व्हवर पेट्रोल पडतच नाही, त्यामुळे ते धुतले जात नाहीत आणि त्यांच्यावर साचलेला कार्बन हाही एक संशयित असतो. इंजेक्टरला मात्र घरी हात लावू नका. त्या रेलमध्ये २०० बार किंवा त्याहूनही जास्त दाब असू शकतो.

कॉइलची रबरी टोपी उलटी करून आत टॉर्च मारला. पेन्सिलीनं ओढल्यासारखी एक काळी रेघ, वरून खालपर्यंत. ठिणगी प्लगच्या फटीत उडण्याऐवजी या वाटेनं बाजूला पळत होती. भार पडल्यावरच का, याचं उत्तरही इथेच आहे. सिलिंडरमधला दाब वाढला की फट ओलांडायला जास्त व्होल्टेज लागतं, मग वीज सोपी वाट धरते. प्लगच्या चिनी मातीवरही तशीच रेघ होती, म्हणून दोन्ही एकदम बदलले. नुसती कॉइल बदलली असती तर जुन्या प्लगनं नव्या टोपीतही तीच वाट पाडली असती.

कॅटकॉनचा खरा निकाल

इंजिन सुधारल्यावरच कॅटकॉन तपासायचा, आधी नाही. पंधरा-वीस मिनिटं गाडी चालवून तो तापवा, मग २,५०० आरपीएमवर धरून मागच्या सेन्सरचा आलेख बघा. एका जागी संथ असेल तर उत्तम. आधी सेन्सर जिवंत आहे याची खात्री करा: एकदम रेस दिली की तो ०.८ च्या वर जायला हवा, उतारावर पाय काढला की शून्याजवळ पडायला हवा. दोन्ही करतो तर त्याला दोष देऊ नका. नव्या गाड्यांत पुढचा सेन्सर वाइडबँड असतो, त्याचा आलेख मागच्यासारखा ०.१ ते ०.९ मध्ये नाचत नाही. दोन आलेखांची तुलना करून फसू नका, मागचा एकटाच बघा.

तापमापी बंदूक घेऊन 'मागचं टोक पुढच्यापेक्षा गरम हवं' असं सांगणारे बरेच भेटतील. जुन्या इंजिनांत ते चालायचं. आजच्या इंजिनातून बाहेर पडणारा वायूच इतका स्वच्छ असतो की कॅटकॉनला जाळायला फारसं काही उरत नाही. चांगला असूनही फरक दिसत नाही, आणि माणूस उगाच नवा घेतो.

चोंदलाय का, यासाठी पुढचा सेन्सर काढून तिथे दाबमापक लावतात. ढोबळमानानं आयडलला सव्वा पीएसआयच्या आत आणि २,५०० ला तीनच्या आत हवं. सेन्सर काढायचा नसेल तर व्हॅक्यूम गेज. २,५०० वर धरल्यावर काटा मिनिटभरात हळूहळू घसरत गेला तर मागे वाट बंद आहे. लक्षणंही तशीच असतात. गाडी सुरुवातीला बरी चालते, जसजशी तापते तसतसा दम जातो, अमुक एका वेगापुढे जातच नाही. थंड असताना रबरी हातोडीनं टकटक केली आणि आत खडखडलं तर ठोकळा फुटलाय. तो तसाच चालवू नका. कॅटकॉन एक्झॉस्ट मॅनिफोल्डलाच चिकटून असलेल्या काही इंजिनांत सिरॅमिकची पूड मागे सिलिंडरमध्ये ओढली गेल्याची उदाहरणं आहेत.

कॅटकॉन गेलाच असेल तर वॉरंटीची पुस्तिका नीट वाचा. उत्सर्जनाशी संबंधित भागांची मुदत अनेकदा बाकी गाडीपेक्षा वेगळी असते. ईसीयूचं सॉफ्टवेअर अद्ययावत आहे का तेही विचारा. काही मॉडेलांत हा कोड उगाच येत होता आणि कंपनीनं अपडेटनं तो सुधारला. नवा टाकताना फार स्वस्त घेऊ नका. त्यात मौल्यवान धातू कमी घालूनच तो स्वस्त केलेला असतो, आणि काही महिन्यांत दिवा परत. टाकीत ओतायचं क्लीनर काजळी जाळेल, पण वितळलेला धातू किंवा ऑइलचा लेप त्यानं जात नाही. मागच्या सेन्सरखाली नळीचा तुकडा बसवून ईसीयूला फसवायचा जुगाड तर सोडाच. अनेक ठिकाणी तो बेकायदा आहे, आणि दिवा विझला तरी गाडी अडखळायची ती अडखळतेच.

कॉइल आणि प्लग बदलल्यावर मी कोड उडवला, या वेळी हक्कानं. ट्रिम १.६ वर येऊन बसला. मॉनिटर पूर्ण व्हायला चार दिवस लागले. एकसारख्या वेगात, पाय न हलवता बराच वेळ चालवल्याशिवाय कॅटकॉनची चाचणी होतच नाही, शहरात रखडत चालवून ती पूर्ण होत नाही. 'दिवा लागला नाही' म्हणजे 'पास झाला' असं तोपर्यंत समजू नका. काही नव्या गाड्यांत 'कायम कोड' असतो, तो स्कॅनरनं पुसताच येत नाही. चाचणी पास झाली की ईसीयू स्वतःच काढतो.

मोड ६ मध्ये २१ क्रमांकाच्या ओळीत कॅटकॉनच्या चाचणीचा आकडा असतो, शेजारी मर्यादा. माझ्या गाडीत तो १.०० च्या खाली लागतो. दिवा लागला होता तेव्हा १.१९ होता, दुरुस्तीनंतर ०.८६ आला. म्हणजे गेला नव्हता, पण तीन महिन्यांच्या मिसफायरनं त्याचं आयुष्य खाल्लंय. किती, ते दोन हजार किलोमीटरला एकदा स्कॅनर लावून वहीत टिपतोय. शेवटची नोंद ६४,२०० ची: ०.८८.